लोरांडाइट : सूत्रातला ‘दोन’

एक थॅलियम, एक आर्सेनिक, दोन गंधक. लोरांडाइटचं रासायनिक सूत्र एवढंच. सल्फोसॉल्ट गटातल्या खनिजांकडून इतक्या मितभाषीपणाची सवय नसते. लोरांडाइटच्याच खाणीत सापडणारं व्र्बाइट पाहा. पारा, थॅलियम, आर्सेनिक, अँटिमनी आणि गंधक अशी पाच मूलद्रव्यं, आणि त्यात एकट्या गंधकाचे वीस अणू. अशा शेजाऱ्यांमध्ये लोरांडाइटचं सूत्र एका ओळीच्या कवितेसारखं वाटतं. त्या ओळीत एकच आकडा आहे, ‘दोन’. तो नीट वाचला की या खनिजाचा बराचसा स्वभाव उलगडतो.

पण आधी डोळ्यांना दिसतं ते पाहू. भिंगाखाली लोरांडाइटचा जाड स्फटिक पहिल्यांदा निराश करतो. तो शिशासारखा करडा, काळपट असतो आणि त्यावर बहुधा पिवळट मातकट पूड बसलेली असते. दिवा बाजूने धरला की स्फटिकाच्या पातळ कडेतून किरमिजी रंग येतो. हा रंग खोलवरचा आहे. चमक धातूची म्हणावी तर आरपार दिसतं, आणि हिऱ्याची म्हणावी तर अंगाला धातूची झाक आहे. त्याचा अपवर्तनांक २.७२ च्याही वर जातो. हिऱ्याचा २.४२ आहे. प्रकाशाला इतकं वाकवणारं हे खनिज कठिनतेत मात्र जेमतेम २ ते २.५ भरतं, म्हणजे नखाने ओरखडा उठेल न उठेल इतकं मऊ.

अल्चार या उत्तर मॅसिडोनियातल्या खाणीच्या नमुन्यांत त्याला हमखास सोबत असते ती मनशिळेची. तीही लालच. नवख्या माणसाला दोन्ही एकच वाटतात, पण मनशिळेचा लाल नारिंगीकडे झुकतो, लोरांडाइटचा चेरीकडे. कस काढला तर शंकाच उरत नाही. बिनझिलईच्या चिनी मातीवर मनशीळ नारिंगी रेघ ओढते, लोरांडाइट चेरीलाल. वजनातही फरक आहे. मनशिळेचं विशिष्ट गुरुत्व ३.५६, लोरांडाइटचं ५.५३. कारण लोरांडाइटच्या वजनात जवळपास साठ टक्के थॅलियमच असतं.

आता सुईच्या टोकाने कडेचा एक कण सोडवून पाहावा. इतकी खनिजं पाहिली, पण मला हा क्षण सर्वात आवडतो. कण फुटत नाही, त्याचा पापुद्रा निघतो, पापुद्र्याचे धागे होतात आणि धागा वाकतो. दगडाचा धागा, तोही लवचीक! वर्णनाच्या कोष्टकात याची नोंद कोरडी असते : एकनत स्फटिक, पाटन, म्हणजे सपाट चिरणं, तीन दिशांना, एक उत्कृष्ट, एक फार चांगलं, एक चांगलं. पण या तीन पाटनांत एक मेळ आहे. तिन्ही प्रतलं स्फटिकाच्या ब अक्षाला समांतर आहेत, त्याला आडवं जाणारं एकही नाही. म्हणजे ब अक्षाच्या दिशेने काहीतरी असं आहे जे सहजी तुटायला तयार नाही.

ते काय आहे, याचं उत्तर ‘दोन’ या आकड्यात आहे. सल्फोसॉल्टांत आर्सेनिकचा प्रत्येक अणू तीन गंधकांना धरून बसतो. चौथ्या बाजूला त्याची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी असते, आणि ती तिथे दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. त्यामुळे एक बुटका पिरॅमिड तयार होतो, तळाला तीन गंधक आणि शिखरावर आर्सेनिक. हे पिरॅमिड एकमेकांपासून सुटे राहिले तर एका आर्सेनिकला तीन गंधक. प्राउस्टाइट या चांदीच्या लाल खनिजात तसंच आहे : तीन चांदी, एक आर्सेनिक, तीन गंधक. पिरॅमिडांनी तिन्ही कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतले तर एका आर्सेनिकच्या वाट्याला दीड गंधक येतो, म्हणजे दोन आर्सेनिकला तीन गंधक. ही झाली हरताळ, जिचे सोनेरी पापुद्रे सुटतात. आणि दोन कोपरे वाटून घेतले, एक स्वतःकडे ठेवला, तर? एक अधिक अर्धा अधिक अर्धा, बरोबर दोन. दोन कोपरे वाटले की शेजारी दोन, आणि दोन शेजारी म्हटले की रांग. लोरांडाइटमध्ये पिरॅमिडांची मळसूत्री साखळी ब अक्षाच्या दिशेने चालत जाते आणि साखळ्यांच्या मधल्या जागा थॅलियम भरतो. साखळीतले बंध मजबूत, साखळ्यांमधले थॅलियमचे बंध सैल. सुईच्या टोकावर निघालेला धागा हा त्या सूत्रातला ‘दोन’ आहे.

एक शंका इथे रास्त आहे. ‘दोन’ म्हटलं की साखळीच होते का? नाही. स्मिथाइटचं सूत्र हुबेहूब असंच आहे, फक्त थॅलियमच्या जागी चांदी. तिथेही प्रत्येक पिरॅमिड दोन कोपरे वाटून घेतो, पण तीन पिरॅमिड हातात हात घालून फेर धरतात आणि वर्तुळ तिथेच मिटतं. लोरांडाइटमध्ये हात तेवढेच, पण फेर न धरता रांग पुढे जात राहते. मधे भरणारा अणू बदलला आणि सगळी रचना पालटली.

म्हणून वर्गीकरणाचा प्रश्न मला रुक्ष वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या खनिजांकडे क्षार म्हणून पाहिलं. ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेली आम्लं कल्पायची आणि खनिज हा त्यांचा क्षार मानायचा. सल्फोसॉल्ट हे नाव तिथून आलं. त्या आम्लांचा आधार पुढे सुटला, पण सूत्रांच्या प्रमाणांवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. आज निकेल–स्ट्रुंझ पद्धत लोरांडाइटला टिन सल्फाइडच्या नमुन्यावर बेतलेल्या सल्फोसॉल्टांत, थॅलियमच्या उपगटात बसवते. वाइसबर्गाइटही तिथेच शेजारी असतं. त्यात आर्सेनिकऐवजी अँटिमनी, सूत्र तेच, पण स्फटिक त्रिनत आणि रचना निराळी. माझ्या मते लोरांडाइटची खरी ओळख त्याच्या साखळीत आहे. प्राउस्टाइट, लोरांडाइट, हरताळ अशा क्रमाने वाचलं तर ते जसं समजतं, तसं थॅलियमच्या यादीत वाचून समजत नाही.

थॅलियमचं श्रेय मात्र कमी नाही. पृथ्वीच्या कवचात तो चांदीपेक्षा जास्त आहे, पण पोटॅशियमसारखा वागून त्याच्या खनिजांत विरून जातो. स्वतःचं खनिज घडवण्याइतका तो फार थोड्या ठिकाणी एकवटतो. आजच्या उत्तर मॅसिडोनियात, कोझुफ डोंगरातलं अल्चार हे त्यातलं एक. ज्वालामुखीच्या उष्ण पाण्याने तिथल्या डोलोमाइटमध्ये आर्सेनिक, अँटिमनी आणि थॅलियम आणून ठेवले. हंगेरीचे खनिजशास्त्रज्ञ योझेफ क्रेनर यांनी १८९४ मध्ये इथल्या नमुन्यांवरून हे खनिज वर्णिलं आणि भौतिकशास्त्रज्ञ लोरांड एत्वॉश यांचं नाव त्याला दिलं. एत्वॉश यांनी वस्तूचं जडत्व आणि तिचं वजन यांची सांगड पीळ-तराजूने तपासली होती. भौतिकशास्त्रज्ञाचं नाव मिळालेल्या या खनिजाकडे पुढे भौतिकशास्त्रज्ञच वळले.

१९७६ मध्ये मेल्विन फ्रीडमन यांनी सुचवलं की लोरांडाइट सूर्याची नोंदवही ठरू शकेल. थॅलियम-२०५ चा अणू सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो गिळला की शिसं-२०५ होतो. यासाठी सुमारे ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. न्यूट्रिनो पकडायला वापरलेल्या गॅलियमला २३३ लागते, क्लोरीनला ८१४. त्यामुळे क्लोरीनला न दिसणारे सौम्य न्यूट्रिनो थॅलियमला दिसतात, आणि सूर्यातले बहुसंख्य न्यूट्रिनो सौम्यच असतात. शिसं-२०५ चं अर्धायुष्य सुमारे १.७ कोटी वर्षांचं, अल्चारचं वय सुमारे ४३ लाख वर्षं. म्हणजे साचलेलं शिसं बरंचसं टिकून असणार. अडचण अशी की वैश्विक किरणांतले म्यूऑनही तेच शिसं बनवतात. म्हणून खडकाची किती झीज झाली, खनिज आधी किती खोल होतं, हे काढावं लागतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो पकडले, तेव्हा खोलीचा आसरा याच म्यूऑनांपासून घेतला होता. दुसरी अडचण न्यूट्रिनो गिळण्याची शक्यता मोजण्याची. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय केंद्रात थॅलियम-२०५ ची सगळे ८१ इलेक्ट्रॉन काढून टाकले, तेव्हा हा एरवी स्थिर अणू शिशात बदलू लागला. २०२४ मध्ये जाहीर झालेलं त्याचं अर्धायुष्य २९१ दिवस. त्यावरून ती शक्यता काढता येते.

खनिज नेमकं कुठून आलं हे इतकं मोलाचं आहे, म्हणून संग्राहकांना माझी एक विनंती आहे. लोरांडाइट घेणार असाल तर सुटा चकचकीत स्फटिक घेऊ नका, मातृखडकासकट घ्या, आणि अल्चारमधलं नेमकं ठिकाण लिहिलेली चिठ्ठी त्यापासून कधीही वेगळी करू नका. नमुन्यावर मनशीळ असेल तर तो अंधारात ठेवा, उजेडात तिची पिवळी पूड होते. हात लावलात तर साबणाने धुवा. थॅलियम आणि आर्सेनिक दोन्ही विषारी आहेत.