ताल आधी गजात, मग ढोलात

मंडळी, आयरिश लोकसंगीत म्हटलं की आज पहिल्यांदा बाउरॉन आठवतो. आपल्या डफाचाच भाऊबंद : बकऱ्याचं कातडं, एका हातात आखूड काठी, दुसरा हात आतून कातडं दाबत आवाज चढवणारा-उतरवणारा. वाटतं, हजार वर्षं हा प्रत्येक धुनेला साथ करत असणार. तसं नाही. खेड्यांत तो वाजे तो मुख्यतः २६ डिसेंबरला, रेन पक्ष्याच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीत. त्याला वाद्यवृंदात मान मिळाला १९६० च्या दशकात, शॉन ओ रियाडांमुळे.

मग त्याआधी लोक नाचायचे कशावर? बहुधा एकट्या फिडलवर किंवा पाइप्सवर! जिगच्या सहा मात्रा, तीन-तीनच्या. कागदावर तिन्ही सारख्या. गज मात्र पहिलीवर रेंगाळतो, दुसरी निसटती घेतो. सगळी गंमत त्या हेलकाव्यात आहे बरं का. माइक लावलेला बाउरॉन प्रत्येक मात्रा सारखी ठोकू लागला, की हेलकावा गेलाच. टाळ्या पडतात, ते वेगळं. ओ रियाडांना मी दोष देणार नाही. त्यांच्या वृंदात वाद्यं आळीपाळीने पुढे येत, मागे सरत. आजही जाणता वादक आधी गज ऐकतो, मग काठी उचलतो.