ठणठणपाळाचं नाव ठेवलं कुणी?

इथे कोथरूडमध्ये मुलांना गोष्टी वाचून दाखवताना आम्ही जिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो, त्या ठणठणपाळाच्या गोष्टीबद्दल आज बोलायचंय.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ठणठणपाळाला स्वतःच्या नावाची लाज वाटते. काही घरांत सांगतात की लाज त्याच्या बायकोला वाटते. चांगलं नाव शोधायला निघाल्यावर अमरसिंगाची प्रेतयात्रा दिसते, भीक मागणारा धनपाल भेटतो, गोवऱ्या वेचणारी लक्ष्मी भेटते. मग आपलंच नाव बरं, असं म्हणून तो घरी परततो.

मोठ्यानं वाचायला ही गोष्ट फार सोयीची. तीन भेटी, प्रत्येक वेळी नावाचीच चौकशी. तिसऱ्या भेटीपर्यंत मुलांना खाचाखोचा कळलेल्या असतात आणि लक्ष्मीचं नाव निघताच हशा पिकतो. आमची अडचण या हशाशी आहे.

गोष्टीचं मूळ खूप मागे जातं. पाली जातककथांमधल्या 97व्या, नामसिद्धी जातकात, तक्षशिलेतल्या एका शिष्याचं नाव ‘पापक’ असतं. त्याला जीवक मेलेला दिसतो, पंथक वाट चुकलेला भेटतो आणि धनपाली नावाच्या दासीला कमाई आणली नाही म्हणून मार बसत असतो. नाव ही नुसती ओळखण्याची खूण, एवढा धडा घेऊन पापक गुरूंकडे परततो. दासी मात्र तिथेच राहते. तिच्या पाठीवरचे वळ त्याच्या धड्यात कुठेच नाहीत. आपली लक्ष्मीही तशीच गोवऱ्या वेचत मागे राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे, हे नाव ठेवलं कुणी, हे कथा विचारतच नाही. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, म्हणजे नावामागे कुणीतरी माणूस असतो. आधीची मुलं दगावलेल्या घरात धोंडू, दगडू ही नावं यायची, ती बाळाला दृष्ट लागू नये या धास्तीनं, मायेनं. पण मनुस्मृतीनं शूद्राचं नाव निंदादर्शक असावं असं सांगितलं, त्यात माया नव्हती. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. कित्येकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

साताऱ्यातल्या ‘नकुशी’ आठवा. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून नाव नकुशी. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींचं जाहीर समारंभात नव्यानं नामकरण झालं. त्यांना आपण ठणठणपाळाचं तात्पर्य सांगणार का? ‘बाई गं, नावात काय आहे?’ शाळेत रोज हजेरीला ‘नकोशी’ म्हणून हाक ऐकणाऱ्या मुलीला नावात काय आहे, हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग गोष्ट टाकून द्यायची का? मुळीच नाही. चांगल्या नावानं नशीब उघडत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. बाळाच्या नावासाठी महिनोन्‌महिने याद्या चाळणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी ते जरूर ऐकावं. पण त्यावरून वाईट नाव निमूट सोसावं, असं निघत नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि गोष्ट ती एकाच हशात उरकून टाकते.

म्हणून आम्ही गोष्ट आहे तशीच वाचतो, शेवट बदलत नाही. फक्त पुस्तक मिटण्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारतो. ठणठणपाळाचं नाव कुणी ठेवलं असेल? आणि लक्ष्मीचं पुढे काय झालं?

त्यावर मुलं हसत नाहीत, बोलायला लागतात.