रमाबाईंची साक्ष आणि घरचे शिक्षण

धर्मश्रद्धेस धक्का लागू नये म्हणून लहान मुलांस शाळेत न पाठविता घरीच शिकवावे, असे मानणारी ख्रिस्ती कुटुंबे आज अमेरिकेत पुष्कळ आहेत, व तेथील सर्व राज्यांत त्यांस कायद्याची मोकळीक आहे. आपल्याकडील वाचकांस हा विचार परका वाटेल. परंतु पंडिता रमाबाईंची 1907 साली प्रसिद्ध झालेली 'साक्ष' आणि ए. बी. शहा यांनी संपादिलेला, 1977 साली प्रकाशित झालेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार, ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावी. हाच प्रश्न एका मराठी घराण्यात शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी दोन वेळा उभा राहिला होता, असे दिसून येईल. एकदा रमाबाई शिकत होत्या तेव्हा, व पुन्हा त्या आई झाल्या तेव्हा.

'साक्ष' बहुधा धर्मांतराची हकीकत म्हणूनच वाचली जाते, आणि वाचक अनुकूल असो वा प्रतिकूल, आरंभीची पाने घाईने उलटून पुढे जातो. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत विचारार्ह मजकूर त्या पानांतच आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यास विद्याध्ययन करीत असता पेशव्यांच्या घरची स्त्री संस्कृत शिकते हे पाहिले, आणि आपल्या पत्नीसही शिकवावयाचे ठरविले. त्यापायी लोकांचा रोष पत्करून त्यांनी गंगामूळच्या रानात घर केले. रमाबाई सहा महिन्यांच्या असता कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. लेकीला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेले होते. आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत आईने, लक्ष्मीबाईंनी, तिला शिकविले. व्याकरण, कोश, पुराणे, काव्ये, सर्व मुखोद्गत. इतर कोणतीही विद्या या घरात वर्ज्य होती. लौकिक शिक्षणाने मन संसाराकडे ओढले जाईल ही भीती. इंग्रजी शिकणे व म्लेंच्छांशी संबंध ठेवणे म्हणजे तर जात आणि परलोक दोन्ही गमावणे. बाहेरच्या जगाचा वारा मुलांस लागू नये अशी आईबापांची इच्छा होती, असे रमाबाईच सांगतात.

या शिक्षणाचा हिशेब दुष्काळाने मागितला. पैसा संपला, पुराणे सांगून पोट भरेना. धर्मग्रंथांपलीकडचे काहीच ठाऊक नसल्यामुळे दुसरे काम करण्याची पात्रता नाही, मोलमजुरी साधत नाही, भीक मागवत नाही, अशी त्या विद्वान कुटुंबाची अवस्था झाली. 1874 साली वडील गेले, मागोमाग आई गेली. हा भाग रमाबाईंनी इतक्या कोरडेपणाने लिहिला आहे की वाचताना पान मिटून ठेवावेसे वाटते. श्रद्धेखातर मुलांभोवती भिंत बांधणाऱ्या कोणत्याही धर्माच्या पालकाने तो वाचावा.

मात्र त्याच पुस्तकात या घरच्या शाळेची दुसरी बाजूही आहे, आणि ती लेखिकेनेच, जाता जाता, एका वाक्यात नोंदली आहे. पुढे फारशा कोणाच्या मदतीवाचून स्वतःचे शिक्षण स्वतःस चालविता यावे, इतकी आपल्या मनाची मशागत आईने केली, असा तिचा आशय आहे. आमचा आक्षेप आहे तो येथे. या वाक्याचा विस्तार पुस्तकात व्हावयास हवा होता, तो झाला नाही. जुन्या श्रद्धेचा अंधार गडद दाखविण्याच्या ओघात त्या अंधारात दिवा घेऊन बसलेली आई मागे राहते. 1887 सालचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक रमाबाईंनी आईच्याच स्मृतीस अर्पण केले होते, हे लक्षात घेता वीस वर्षांनंतरचा हा संकोच अधिकच जाणवतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत उतरविण्याचे बळ ज्या बाईत आले, तिच्या व्याकरणाची सवय कोठे लागली होती हे का सांगावयास पाहिजे?

आता दुसरी वेळ. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथील मठात रमाबाईंनी आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात राहिल्या. मुलीस ख्रिस्ती धर्म कोणी व कसा शिकवावा, यावरून सिस्टर जेरल्डिन आणि त्या यांच्यात जी पत्रे झाली ती या संग्रहाचा प्राण होत. वाचकाने एक गोष्ट विसरू नये: ही पत्रे जमविली सिस्टर जेरल्डिन यांनीच, म्हणजे वादातील एका पक्षाने. तरीही पारडे रमाबाईंकडे झुकते. आपण ख्रिस्ती झालो म्हणून आपली बुद्धी आणि आपले मूल ही दोन्ही चर्चच्या स्वाधीन केली असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा. क्रूसावरील लॅटिन अक्षरांपेक्षा संस्कृत काय वाईट, असे विचारणारी ही बाई लेकीला मडमेसारखी वाढू देणार नव्हती. तिने आपल्या देशबांधवांतीलच एक व्हावे, ही तिची तळमळ होती.

शाळा कोणाच्या तरी भाषेची व श्रद्धेची असते, हे आम्हां नेकनूरकडच्या लोकांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता व दरबारची भाषा उर्दू. केजवरून पुढे जाणारा आमचा रस्ता ज्या अंबाजोगाईस पोहोचतो, तेथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी मुलांस शिकविले. त्या काळच्या पालकांनी सरकारी शाळेबद्दल धरलेली शंका व वाँटेजबद्दल रमाबाईंनी धरलेली शंका एकाच जातीच्या होत्या, असे आम्हांस वाटते.

परंतु आईचा हक्क मागणाऱ्या रमाबाईंपुढे 1893 साली तोच हक्क उलटून आला. पुण्याच्या शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत, दार उघडे असे, व आश्रमातील मुली येऊन बसत. स्वतःच्या घरात लेकीबरोबर प्रार्थना करताना दार का लावावे, हा त्यांचा सवाल. आमच्या मुलींस कोणता धर्म शिकवावा हे त्यांचे आईबाप ठरवतील, हा पालकांचा जबाब. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, अनेक मुली काढून नेण्यात आल्या. वाँटेजच्या पत्रांतील रमाबाईंची वाक्ये येथे पालकांच्या तोंडी घातली तर फारसा फरक करावा लागत नाही. हे साम्य रमाबाईंनी कोठे कबूल केल्याचे या दोन पुस्तकांत आम्हांस आढळले नाही, आणि 'साक्षी'तील ही उणीव आम्हांस पहिलीपेक्षा मोठी वाटते.

जिच्या शिक्षणावरून एवढी शाई खर्ची पडली ती मनोरमा पुढे अमेरिकेत व नंतर येथे शिकून पदवीधर झाली, आईचा कारभार तिने सांभाळला, आणि निजामाच्याच राज्यात गुलबर्ग्यास मुलींची शाळा चालविली. 1921 च्या जुलैत ती वारली. आई तिच्यामागे नऊ महिनेही जगली नाही.