चाळीस टक्के नासाडी : एका आकड्याची तपासणी

आपल्या देशात पिकणाऱ्या फळभाज्यांपैकी चाळीस टक्के माल ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच सडून जातो, हे वाक्य आपण कितीदा तरी वाचले आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधात आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात ते सारख्याच सहजतेने येते. २०१२ साली किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात परकीय कंपन्यांना परवानगी द्यावी की नाही यावर वाद झाला, तेव्हाही परवानगीच्या बाजूने ३० ते ४० टक्के नासाडीचा दाखला दिला गेला. आकडा धक्का देणारा आहे, म्हणून तो लक्षात राहतो. पण तो कोणी, कुठे आणि कसा मोजला, हे सहसा कोणी सांगत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘सिफेट’ने, १२० जिल्ह्यांत ४५ पिकांची व पदार्थांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१५ साली आला. त्यात टोमॅटोची घट १२.४४ टक्के, कांद्याची ८.२० टक्के, तर सर्वात जास्त म्हणजे पेरूची १५.८८ टक्के निघाली. तृणधान्यांत ती पाच-सहा टक्के आणि दुधात एक टक्क्याहूनही कमी होती. २००५ ते २००७ या काळातल्या आधीच्या पाहणीतही फळभाज्यांचा कमाल आकडा १८ टक्केच होता. २०२२ च्या नव्या पाहणीत फळांची घट सुमारे ६ ते १५ टक्के आणि भाज्यांची ५ ते १२ टक्के आढळली. तिन्ही वेळा चाळीसच्या जवळपास एकही पीक गेले नाही.

मग नासाडीचा प्रश्न किरकोळ आहे का? मुळीच नाही. २०१५ च्या अहवालातील घटीची किंमत वर्षाला ९२ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. पण रोगाचे निदान चुकले तर औषधही चुकते. इथे नेमके तेच झाले आहे.

‘नासाडी’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, ते कांद्यावरून पाहू. रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि पुढचे चार-पाच महिने चाळीत राहतो. या काळात त्याचे वजन बरेच घटते. त्यातला एक भाग म्हणजे निव्वळ पाण्याचे बाष्पीभवन. हे पाणी उडाले तर शेतकऱ्याचे पैसे जातात, पण खाणाऱ्याचे अन्न फारसे कमी होत नाही. दुसरा भाग कोंब फुटण्याचा आणि तिसरा सडण्याचा. तिघांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. शिवाय चाळीतली घट ही साठवलेल्या कांद्यावर मोजलेली असते, तर सिफेटचा आकडा एकूण उत्पादनावरचा आहे. छेद वेगळा असेल तर दोन टक्केवाऱ्यांची तुलना करता येत नाही, हे आपण सातवी-आठवीतच शिकवतो. पण धोरणाची चर्चा सुरू झाली की विसरतो.

आता औषधाकडे वळू. ‘माल सडतो, तेव्हा शीतगृहे बांधा’ हे उत्तर सरळ वाटते. कांद्याच्या बाबतीत ते अपुरे आहे. कांदा शून्य ते दोन अंशांच्या थंडीत टिकतो, तसाच २५ ते ३० अंशांच्या कोरड्या, खेळत्या हवेतही टिकतो. मधल्या, म्हणजे १० ते २० अंशांच्या तापमानात त्याला लवकर कोंब येतात. शीतगृहातून बाहेर काढलेला कांदा म्हणूनच झटकन फुटतो. टोमॅटो आणि केळ्यांना तर अति थंडीने इजाच होते. एकच खोली सर्व पिकांना चालत नाही. देशातील शीतगृहांच्या क्षमतेचा मोठा हिस्सा बटाट्याने व्यापलेला आहे, तो काही योगायोग नव्हे.

नाजूक मालाचे खरे नुकसान आधीच सुरू झालेले असते. तोडलेले फळही श्वसन करत असते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. दुपारच्या उन्हात तोडलेला माल तसाच ट्रकमध्ये रचला तर पुढचे शीतगृह कितीही चांगले असले तरी गेलेले आयुष्य परत येत नाही. म्हणून शेताजवळ माल निवडणारी, बांधणारी आणि लगेच गार करणारी केंद्रे लागतात. नाशिक भागात निर्यातीच्या द्राक्षांनी हेच सिद्ध केले आहे. २०१५ च्या राष्ट्रीय शीतसाखळी अभ्यासात याचा हिशेब मांडलेला आहे. शीतगृहांची क्षमता गरजेच्या सुमारे ९० टक्के होती. शेताजवळची अशी केंद्रे मात्र ७०,०८० हवी होती आणि होती केवळ २४९. शीत वाहने ६२ हजारांच्या आसपास हवी होती, ती दहा हजारही नव्हती. साखळीची शेवटची कडी घडवली आणि पहिलीच राहून गेली. ‘चाळीस टक्के’ असा ढोबळ आकडा ही चूक दाखवू शकत नाही, कारण माल कोणत्या टप्प्यावर जातो हे तो सांगतच नाही.

आणखी एक नुकसान कोणत्याच पाहणीत दिसत नाही. भाव पडला म्हणून तोडलाच नाही असा टोमॅटो काढणीनंतरच्या घटीत येणार कसा? ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती. बंदी येताच लासलगावच्या बाजारात भाव कोसळले. त्यासाठी एकही कांदा सडावा लागला नाही. असे नुकसान शीतगृहाने भरून निघत नाही, ते धोरणाच्या स्थैर्याने टळते. सगळा दोष सडण्यावर टाकला की हा प्रश्न आपोआप नजरेआड होतो, आणि शेतकऱ्याला ‘साठवायला शिका’ असा उपदेश तेवढा मिळतो.

वर्गात हा विषय आला तर आकडा पाठ करून घेण्याऐवजी एक प्रयोग करून पाहावा. जाळीच्या पिशवीत पाच किलो कांदे टांगावेत. दर आठवड्याला वजन करून सुकलेले, कोंब आलेले आणि सडलेले यांची वेगवेगळी नोंद ठेवावी. दुसरी पिशवी बंद प्लास्टिकची घ्यावी. दोन महिन्यांनी मुलांना घटीची टक्केवारी विचारावी, आणि त्यांनी उत्तर देण्याआधी ‘कशाची टक्केवारी?’ असा उलट प्रश्न केला, तर धडा पोहोचला असे समजावे.