आर्किटेक्टचं बिल आणि उद्याचं बांधकाम

पाया खणायला यंत्र येतं तेव्हा लोकांना वाटतं की आता इमारतीची सुरुवात झाली. खरं तर त्याआधी कितीतरी महिने कुणा आर्किटेक्टच्या ऑफिसात तिची ड्रॉइंग झालेली असतात, बदललेली असतात, आणि त्यांची बिलंही गेलेली असतात. मग टेंडर, मग कंत्राटदार, आणि मग खड्डा. एवढ्या साध्या क्रमावर अमेरिकेत एक निर्देशांक उभा आहे, आर्किटेक्चर बिलिंग्ज इंडेक्स. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स तो दर महिन्याला काढते. ऑफिसं, दुकानं, हॉटेलं, शाळा, दवाखाने अशा अनिवासी बांधकामाची चाहूल तो ९ ते १२ महिने आधी देतो, असा या संस्थेचा दावा आहे. या दाव्यात तथ्य किती, ते आज आपण तपासू.

आधी आकडा कसा बनतो ते पाहू. फर्मना विचारतात, मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात बिलिंग वाढलं, घटलं की तेवढंच राहिलं? समजा १०० फर्मपैकी ३० म्हणाल्या वाढलं, ५० म्हणाल्या तेवढंच, २० म्हणाल्या घटलं. वाढलेले ३० पूर्ण धरायचे, स्थिर ५० चे निम्मे म्हणजे २५. बेरीज ५५. ऋतुमानाचा फरक काढून टाकला की झाला निर्देशांक. ५० च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट.

आता लक्षात घ्या, ‘किती वाढलं’ हे कुणी विचारलंच नाही. ही टक्केवारी फर्मची आहे, डॉलरची नाही. आमचा मुख्य आक्षेप निर्देशांकावर नाही, तो वाचण्याच्या पद्धतीवर आहे. ‘४५ आला, म्हणजे काम ५ टक्क्यांनी पडलं’ असं सर्रास समजलं जातं. ते साफ चूक आहे.

तीन प्रसंग घेऊ. २००८ च्या सुरुवातीलाच निर्देशांक ५० च्या बराच खाली गेला. खाजगी अनिवासी बांधकामावरचा खर्च मात्र त्या वर्षी अजून चढाच होता. तो कोसळला २००९ मध्ये. इथे निर्देशांकाने आपलं काम चोख केलं.

दुसरा प्रसंग एप्रिल २०२० चा. तेव्हा जाहीर झालेला आकडा होता २९.५, म्हणजे २००९ च्या तळापेक्षाही खाली. पण बांधकामाची २००९ सारखी पडझड पुढे झाली नाही, आणि २०२१ च्या सुरुवातीला निर्देशांक पुन्हा ५० च्या वर आला. कारण उघड आहे. टाळेबंदीत बहुतेक फर्मचं बिलिंग एकदमच घटलं. घट किती जणांत पसरली ते आकड्याने सांगितलं. ती किती खोल आहे आणि किती टिकेल, हे सांगणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. २०२३ पासून निर्देशांक बहुतेक महिने ५० च्या खालीच राहिला. त्याच काळात अमेरिकेत कारखान्यांच्या बांधकामावरचा खर्च २०२१ च्या दुपटीवर गेला. ऑगस्ट २०२२ च्या चिप्स कायद्याने सेमीकंडक्टर कारखान्यांना सरकारी पैसा मिळाला होता. असे कारखाने थोडे, पण प्रचंड मोठे, आणि त्यांच्या आराखड्याचं बरंचसं काम इंजिनिअरिंग कंपन्यांकडे जातं. शेकडो लहान-मध्यम आर्किटेक्टना विचारून ती लाट दिसणार कशी?

म्हणून आम्ही म्हणतो, हा निर्देशांक दिशा सांगतो, माप सांगत नाही. पोलाद विकणाऱ्याने किंवा कंत्राटदाराने एका महिन्याच्या आकड्यावर माणसं कमी करू नयेत. सलग चार-सहा महिन्यांचा कल बघावा. त्याच पाहणीत नव्या चौकशा आणि नवे डिझाइन करार यांचे आकडे वेगळे असतात, तेही बघावेत. आपला धंदा व्यापारी इमारतींचा आहे, संस्थांच्या इमारतींचा की घरांचा, त्याप्रमाणे त्या त्या क्षेत्राचा आकडा वाचावा.

आणि एक गोष्ट चर्चेत नेहमी राहून जाते. बाकीच्यांसाठी ही उद्याची चाहूल असेल, पण ड्रॉइंग करणाऱ्यांसाठी तो आजचाच पगार आहे. पुण्या-मुंबईतही अमेरिकी फर्मसाठी ड्रॉइंग आणि मॉडेलं करणारी ऑफिसं आहेत. तिथल्या मुलामुलींना ९ महिन्यांची सवड मिळत नाही. तिकडे बिलिंग घटलं की इकडचं काम लगेच आटतं. अर्थतज्ज्ञ ज्याला पूर्वसूचना म्हणतात, ती या मंडळींच्या बाबतीत घडून गेलेली घटना असते.