गुणात्मक संशोधनाची समीक्षा आणि पुराव्याची प्रस्तुतता

गुणात्मक संशोधनांच्या समीक्षेतील प्रत्येक निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा, हे 'ग्रेड-सर्क्वल' पद्धत चार कसोट्यांवर ठरवते. त्यांपैकी प्रस्तुततेवरील लेख २०१८ मध्ये 'इम्प्लिमेंटेशन सायन्स'मध्ये आला. समजा, समीक्षेचा प्रश्न शहर-खेडी दोन्हींतील मुलींच्या शाळागळतीचा आहे आणि मुलाखती फक्त शहरातल्या. तर पुरावा 'अंशतः' प्रस्तुत. प्रश्न केवळ खेड्यांचा असेल, तर त्याच मुलाखती 'अप्रत्यक्ष' ठरतात. प्रस्तुतता प्रश्नावरून ठरते, हे या मांडणीचे बळ. मात्र कोणता भेद महत्त्वाचा, हे समीक्षकाच्या निवाड्यावर राहते. घरकामाचा भार दोन्हीकडे सारखा असेल. शाळेचे अंतर सारखे नसते. मग असे भेद आधी लिहून न ठेवणाऱ्या समीक्षकाचा 'मध्यम विश्वास' वाचकाने तपासायचा कशावर?