माजी सैनिकांची नामावली : एका चरित्रप्रकाराची परीक्षा

चरित्रवाङ्मयाचा विचार करताना बृहत्चरित्र, आत्मचरित्र, आठवणी, व्यक्तिचित्र या प्रकारांची आपण आवर्जून दखल घेतो. ‘नामावली’ हा प्रकार मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहतो. वस्तुतः जिल्ह्याच्या माहितीपुस्तिका, शाळांच्या स्मरणिका, पदव्युत्तर लघुप्रबंधांची परिशिष्टे यांतून सर्वांत अधिक वाचला जाणारा चरित्रप्रकार हाच होय. यादीत कोणी मत मांडीत नाही, केवळ नावे देतो, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखात हा समज तपासावयाचा आहे. उदाहरणादाखल ‘पूर्वी सैन्यात असलेल्या नामवंत व्यक्ती’ ही यादी घेतली आहे. तिचा अमेरिकन नमुना प्रथम पाहू, आणि मग तीच कसोटी महाराष्ट्रास व आपल्या भंडारा जिल्ह्यास लावून पाहू.

१

अमेरिकेचे मरीन दल, म्हणजे नौदलाबरोबर जाऊन किनाऱ्यावर उतरणारे पायदळ, आपली स्थापना १० नोव्हेंबर १७७५ या दिवशी झाली असे मानते. एकदा मरीन झालेला मनुष्य जन्मभर मरीनच राहतो, अशी त्या दलाची श्रद्धा आहे. ‘माजी’ हा शब्दच तेथे रुचत नाही. त्यामुळे दलात काही काळ राहून गेलेल्या प्रसिद्ध माणसांच्या याद्यांना तेथे विशेष प्रतिष्ठा आहे. १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे आणि पुढे ओहायो राज्यातर्फे सिनेटमध्ये बसलेले जॉन ग्लेन, बेसबॉलपटू टेड विल्यम्स, कादंबरीकार विल्यम स्टायरन, न्यू यॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स ही नावे अशा यादीत शेजारी शेजारी येतात.

या शेजारातच यादीचे मत दडलेले असते. ही माणसे येथे होती, म्हणून ती अशी झाली, असे ती न बोलता सुचविते. परंतु ग्लेन यांची कीर्ती ज्या वैमानिकी कौशल्यावर उभी आहे, ते त्यांनी याच दलाचे वैमानिक म्हणून दोन युद्धांत कसास लावले. सेवा आणि कीर्ती यांचा संबंध येथे सरळ आहे. विल्यम्स यांचे तसे नाही. बेसबॉलमधील त्यांचे नाव दलात जाण्यापूर्वीच झाले होते, आणि दुसरे महायुद्ध व कोरियाचे युद्ध या दोहोंनी त्यांच्या खेळाची उमेदीची वर्षे घेतली. म्हणजे एके ठिकाणी सेवा हे कीर्तीचे कारण, तर दुसऱ्या ठिकाणी कीर्तीत पडलेला खंड. यादी दोहोंना एकच ओळ देते.

याहून अडचणीचे नाव ली हार्वे ऑस्वल्ड याचे. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळी झाडल्याचा आरोप ज्याच्यावर आला, तो १९५६ ते १९५९ या काळात याच दलात होता. दलाने माणूस घडविला हे ग्लेन यांच्याबाबत मानावयाचे, तर ऑस्वल्डबाबत का मानावयाचे नाही? आणि त्याच्याबाबत ती आकस्मिक गोष्ट समजावयाची, तर इतरांबाबत का नाही? गौरवाच्या यादीतून त्याचे नाव गाळले जाते, तेव्हा नोंदीच्या जागी निवड आलेली असते. जेथे निवड आली तेथे निवडीचे तत्त्व विचारण्याचा समीक्षेस अधिकार आहे.

लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. स्टायरन दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढाईपर्यंत पोहोचले नाहीत. कोरियाच्या युद्धाच्या वेळी त्यांना पुन्हा बोलावण्यात आले, आणि त्या अनुभवातून ‘द लाँग मार्च’ ही लघुकादंबरी निर्माण झाली. तिचा विषय रणभूमी नसून छावणीतील एक सक्तीची कूच आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी हुकमापुढे माणसाच्या इच्छेचे काय होते हा प्रश्न आहे. ई. बी. स्लेज हे पेलेलिऊ आणि ओकिनावा येथे प्रत्यक्ष लढले, पुढे जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९८१ मध्ये त्यांच्या युद्धस्मृती प्रसिद्ध झाल्या. दलाविषयीची निष्ठा आणि युद्धाविषयीची घृणा त्या पुस्तकात एकत्र नांदतात. स्मेडली बटलर या सेनापतीस शौर्याचे सर्वोच्च पदक दोनदा मिळाले होते. त्यांनीच १९३५ मध्ये युद्ध हा मूठभरांच्या नफ्याचा धंदा आहे असे सांगणारी पुस्तिका लिहिली. तिघेही त्याच यादीत बसतात. परंतु त्यांच्या लेखनाचे मोल त्यांनी दलाकडून काय घेतले एवढ्यावर ठरत नाही. दलाला त्यांनी कोणता प्रश्न विचारला, यावर ते अधिक ठरते.

२

डिंकिन्स यांचे नाव आपणांस आणखी एका दिशेने नेते. १९४२ पूर्वी या दलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्या वर्षी तो मिळाला; पण इतर भरती पॅरिस आयलंड व सॅन डिएगो येथे शिकत असता या जवानांसाठी नॉर्थ कॅरोलायनात माँटफर्ड पॉइंट येथे वेगळी छावणी उघडण्यात आली. १९४९ मध्ये ती बंद होईपर्यंत सुमारे २०,००० जवान तेथून बाहेर पडले. डिंकिन्स त्यांपैकी एक. २०१२ मध्ये या जवानांना अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक सामुदायिक रीत्या देण्यात आले. गौरवाच्या यादीत डिंकिन्स यांचे नाव ग्लेन यांच्या शेजारी छापले, की दोघांच्या छावण्या वेगळ्या होत्या ही गोष्ट वाचकाच्या दृष्टीआड होते. १९४२ पूर्वी ज्यांना दारातच थांबविले गेले त्यांची नावे तर कोणत्याच यादीत येऊ शकत नाहीत.

महाराष्ट्राच्या अभ्यासकास येथे आपल्या इतिहासाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील स्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. तरीही लढाऊ जातींच्या सिद्धांताचा आधार घेऊन १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगाव येथे. म्हणजे अमेरिकन मरीन दलाचे दार उघडण्याच्या केवळ एक वर्ष आधी. दोन्ही ठिकाणी दार उघडले ते न्यायबुद्धीने किती आणि युद्धाच्या निकडीने किती, हा प्रश्न समान आहे.

या बंद दाराशी उभे राहून लिहिणारा पहिला महत्त्वाचा मराठी लेखक म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळ गावचे हे गृहस्थ १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले. जोतीराव फुले यांच्या विचारांशी त्यांचा निकटचा संबंध आला. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेखन केले आणि ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रश्नांच्या रूपात लिहिली. पुढे १८९४ मध्ये अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने, भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून, त्यांनी एक विनंतिपत्र सिद्ध केले.

या दोन लेखनांतील भेद समीक्षकाने नीट पाहिला पाहिजे. विनंतिपत्राची वाट पलटणीत रुळलेली आहे. वरिष्ठाकडे अर्ज करावा, पूर्वसेवेचा दाखला द्यावा, आपण क्षत्रियांचेच वंशज आहोत असे सांगावे, आणि दाद मागावी. ज्या व्यवस्थेने दार लावले, तिच्याच मापांनी आपली योग्यता सिद्ध करण्याची ही रीत आहे. पुस्तिकेतील प्रश्न मात्र ती मापेच नाकारतो. विटाळास आधार कोणता, असे तो धर्माभिमान्यांनाच विचारतो आणि उत्तराची जबाबदारी त्यांच्यावर टाकतो. पहिल्या लेखनात निवृत्त सैनिक बोलतो. दुसऱ्यात सैन्याने दिलेली साक्षरता व निर्भयता घेऊन एक विचारवंत बोलतो. नामावली ‘माजी सैनिक, समाजसुधारक’ असे लिहून मोकळी होते, आणि या दोन शब्दांमधील स्वल्पविरामात जो संघर्ष आहे तो गिळून टाकते.

याच्या उलट उदाहरण म्हणजे कॅप्टन गो. गं. लिमये यांचे. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केलेल्या या विनोदी लेखकाच्या नावामागे ‘कॅप्टन’ ही उपाधी कायमची राहिली. त्यांनी ‘सैन्यातील आठवणी’ लिहिल्या. तथापि मराठी वाचकाने त्यांना मुख्यतः कथाकार म्हणूनच ओळखले. मनोहर माळगावकर हे लेफ्टनंट कर्नल होते. त्यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी ‘डिस्टंट ड्रम’ ही १९६० ची कादंबरी सरळ सैनिकी जीवनावर आहे. या दोघांच्या बाबतीत सैनिकपण हे लेखकास मिळालेले साहित्य होते. वलंगकरांच्या बाबतीत ते हिरावून घेतलेले स्थान होते. साहित्य म्हणून वापरलेला अनुभव आणि हक्क म्हणून मागितलेला अनुभव यांस एकाच मापाने मोजता येत नाही.

३

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. दलित चळवळीच्या उदयाची मीमांसा करताना सैनिकी सेवेचा उल्लेख बहुधा प्रथम येतो, आणि त्यास कारणही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीतील शिक्षण, नियमित वेतन आणि निवृत्तिवेतन यांनी कोकणातील अनेक कुटुंबांना गावगाड्याबाहेर उभे राहण्यास आधार दिला. यावरून ‘सैन्यामुळे जागृती’ असे सूत्र तयार झाले आणि ते विद्यार्थ्यांच्या लेखनात सर्वत्र लावले जाऊ लागले.

परंतु हे सूत्र वैनगंगेच्या खोऱ्यात आणून पाहावे. तलावांच्या व धानाच्या या झाडीपट्टीत महार समाजातील पुष्कळ कुटुंबे जाडेभरडे सुती कापड विणीत; काही शेती करीत, काही व्यापार. १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीची मजुरी हा नवा मार्ग खुला झाला. कोकणासारखी निवृत्त सुभेदार-जमादारांची परंपरा येथे नव्हती. तरीही जागृती झाली. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होते. तेथील कालीचरण नंदागवळी यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढली आणि मध्य प्रांताच्या विधिमंडळापर्यंत मजल मारली. नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये मुलींची शाळा काढली, गिरणी कामगारांत काम केले, आणि १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ या नावाचे पत्र चालविले. वलंगकरांच्या पुस्तिकेचे नाव आणि या पत्राचे नाव यांतील साम्य कोणाच्याही लक्षात येईल. कोकणातील निवृत्त सैनिकाचा शब्द विदर्भात कामगारांमध्ये वावरणाऱ्या संपादकाच्या हाती आला, आणि त्यासाठी मधे पलटण असावी लागली नाही.

यावरून सैन्याचा काहीच वाटा नव्हता असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. विदर्भाच्या उदाहरणाने एवढेच सिद्ध होते की, सैनिकी सेवा हे जागृतीचे साहाय्यक कारण होते, आवश्यक कारण नव्हे. मग दोन्ही प्रदेशांत समान काय होते? कोकणात पेन्शन, विदर्भात माग, व्यापार व मजुरी. म्हणजे गावाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली मिळकत, आणि तिच्या आधाराने मिळविलेली अक्षरओळख. डिंकिन्स यांचेही उदाहरण येथे जुळते. दलातून बाहेर पडल्यावर माजी सैनिकांसाठीच्या शिक्षणसाहाय्याच्या बळावर ते हॉवर्ड विद्यापीठात शिकले. त्यांच्या पुढील आयुष्यास उपयोगी पडली ती बंदुकीहून अधिक ही शिष्यवृत्ती, असे म्हणावयास हरकत नाही. नामावली संस्थेचे नाव सांगते. संस्थेने नेमके काय दिले, हे सांगत नाही.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि आंबेडकर पराभूत झाले. चरित्रकार त्यांची कहाणी सुभेदाराच्या घरापासून सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु येथे त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला समाज पलटणीत घडलेला नव्हता; तो मागावर, बांधीत आणि विडी कारखान्यांत घडलेला होता. त्याचे चरित्र लिहावयाचे तर सैनिकांची यादी पुरणार नाही.

४

या विवेचनातून संशोधक विद्यार्थ्यांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, यादीतील प्रत्येक नावापाशी सेवा ही कीर्तीचे कारण होती, खंड होती की केवळ योगायोग होती, हे स्वतंत्रपणे ठरवावे. दुसरी, यादी ज्या संस्थेची आहे, तिचे दार कोणास केव्हा बंद होते याची नोंद यादीच्या शिरोभागीच करावी. १८९२ ते १९१७ या काळातील एखादे नाव सैनिकांच्या यादीत दिसले नाही, तर त्याचा अर्थ त्या समाजात शौर्य नव्हते असा होत नाही. तिसरी, सैनिकाने लिहिलेले वाङ्मय त्याच्या हुद्द्यावरून न वाचता, त्यातील विनंती आणि प्रश्न यांच्या प्रमाणावरून वाचावे.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून ‘जिल्ह्यातील नामवंत’ या विषयावर लेखन होत राहील, आणि ते व्हावयासही हवे. गावच्या मुलास आपल्या गावचे नाव छापलेले दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ज्याचे नाव यादीत आले त्याच्यापेक्षा ज्याचे येऊ दिले गेले नाही, त्याच्याविषयी चार ओळी लिहिण्यास अधिक संशोधन लागते. विद्यापीठीय अभ्यासाकडून तेवढी अपेक्षा बाळगणे अनुचित ठरू नये.